डिशवरून काय आलं आणि घरात काय राहिलं

परवा मावसभावाच्या मुलीचं लग्न झालं. आदल्या दिवशी मेहंदी, संध्याकाळी संगीत, डीजे, सगळ्यांना ड्रेसकोड. ऐंशीच्या घरातल्या मामी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हे आपल्यात कधीपासून गं?"

आणि मला एकदम आमच्या गच्चीवरून गेलेली ती काळी केबलची वायर आठवली. 1992 असेल. बाबा म्हणायचे आता संस्कृती बुडणार, कारण स्टारवर अमेरिकन सिरियली लागायच्या आणि कुणी चुंबन घेतलं की घरातलं कुणीतरी धावत जाऊन चॅनेल बदलायचं (रिमोट नव्हता आमच्याकडे).

पण त्याच वायरीतून 6 डिसेंबरला बीबीसीवर अयोध्येत बाबरी मशिदीच्या घुमटांवर चढलेली माणसं दिसली, आणि दूरदर्शन तेव्हा किती जपून बोलत होतं! शेजारचे काका दोन्ही चॅनेल आलटून पालटून लावत होते, सरकारचा शब्द असा ताडून बघता येतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मात्र त्यात हुरळून जाण्यासारखंही काही नाही. 1993 मध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉकने स्टारचा मोठा हिस्सा विकत घेतला आणि 1994 मध्ये स्टारच्या चीनकडच्या प्रक्षेपणातून, स्टारवरूनच दिसणारी हीच बीबीसी काढून टाकली, कारण तिथल्या सरकारला ती खुपत होती. धंदा महत्त्वाचा, बाकी काय.

धंद्यासाठीच मग स्टार प्लस हिंदी झालं. 3 जुलै 2000, एकाच दिवशी 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झालं. पहिल्याचा साचा ब्रिटिश, दुसरीतलं घर गुजराती, मालक परदेशी. आम्ही अमेरिकेच्या नावाने दारं लावून बसलो होतो आणि खिडकीतून आला करवा चौथ! माझी बहीण वटपौर्णिमेला वडाकडे ढुंकून बघत नाही, पण करवा चौथला चाळणी घेऊन गच्चीवर उभी असते, फोटोसकट. मला पंजाबी-गुजराती चालीरीतींचा राग नाही हं, लोकांनी हौसेने घेतल्या. पण मंगळागौरीची दोन गाणी येणारी एकही मुलगी त्या संगीतात नव्हती, ते मात्र लागलं मनाला.

मामींना म्हटलं, "कधीपासून काय विचारता, रात्री साडेदहाला तुम्हीच तर आम्हाला गप्प बसवून सिरियल बघायचात!"

मामी हसल्या, आणि मेहंदीवालीपुढे हात धरला.