दाजींनी मिसळीत दही घातलं तेव्हाच कळायला हवं होतं

मागच्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खायला गेलेलो, ताई, दाजी, पोरं, आठ-नऊ जण. आता आमचे दाजी म्हणजे तर्रीवाला माणूस, घाम पुसत पुसत एक्स्ट्रा रस्सा मागवणारा. त्या दिवशी त्यांनी मिसळीत दोन वाट्या दही ओतलं, पावाचा पार लगदा केला आणि चिमणीसारखे घास घेत बसले. पापडाला तर हातच लावला नाही. ताई म्हणे सहा महिने असंच चाललंय, ॲसिडिटी आहे. सगळे हसले. मीपण हसलो, वय झालं दाजी तुमचं म्हणून.

पण डोक्यात काहीतरी टोचत राहिलं. आमच्या अंबडच्या कंपनीत एकदा चेकअप कॅम्प झालेला, तिथल्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला लाईनीत उभं करून मधली तीन बोटं जोडून उभी तोंडात घालायला लावलेली, वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे. सगळे फिदीफिदी हसत होतो. माझी गेली (मी दहा वर्षं मावा खाल्लाय, सुटून आता सहा झाली, म्हणून जरा टरकलो होतो). तर पार्किंगमधे मी दाजींना म्हटलं, हे करून बघा बरं. दोन गेली, तीपण अडकत. तिसरं नाहीच.

दाजींचं ठरलेलं वाक्य, "मी तंबाखूला हात लावत नाही, नुसती सुपारी." हेच तर लोचा आहे. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2004 सालीच छापून ठेवलंय. सुपारीने गालाची आतली कातडी हळूहळू कडक होते, चामड्यासारखी, पांढुरकी पडते, तिखट सोसत नाही आणि मग तोंडच उघडेनासं होतं. सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात त्याला. तो स्वतः कॅन्सर नाही पण कॅन्सर होण्याचा धोका वाढवतो. आणि गंमत म्हणजे दुखत नाही हो फारसं! माणूस आपोआप तिखट सोडतो, बारीक घास घेतो, आणि घरच्यांना वाटतं आवड बदलली.

आधी ते घराजवळच्या एका डेंटिस्टकडे जाऊन आलेले, त्याने दाढेची धार घासून एक जेल दिलं आणि हे तीन महिने जेलच लावत बसले. मला नंतर कळलं, तोंडातली कुठलीही जखम, चट्टा, गाठ दोन आठवड्यांत गेली नाही की पुढे दाखवायचंच, दाताची धार लागते म्हणून असेल तरी धार घासल्यावर तेवढ्यात बरी व्हायला पाहिजे. दात उगाच हलायला लागले, गिळताना अडकतंय, जीभ किंवा ओठ बधिर वाटतोय, एकाच बाजूचा कान ठणकतोय, मानेत गाठ लागतेय, हे सगळं त्यातच आलं. पांढरा डाग घासून निघत नसेल तर बघायचा, आणि लालभडक मखमलीसारखा असेल तर त्याहून आधी.

मग पंचवटीतल्या डेंटल कॉलेजला घेऊन गेलो. केसपेपर काढला, लाईन होती. तपासणी म्हणजे काय तर लाईट, छोटा आरसा, गाल ओढून दोन्हीकडे बघणं, जीभ गॉजमधे धरून कडा बघणं, जिभेखाली, टाळू, हिरड्या, शेवटी मान चाचपणं. पाच मिनिटं. डाव्या गालात मागे, जिथे सुपारी धरायचे बरोब्बर तिथेच, करंगळीच्या नखाएवढा पांढरा डाग.

बायोप्सी म्हटल्यावर घरात बॉम्ब पडला. आत्याचा फोन, "शस्त्र लावू देऊ नका, भडकतं." हे इतक्या जणांनी सांगितलं ना. लोकांनी काय पाहिलेलं असतं, की अमक्याची बायोप्सी झाली आणि वर्षात गेला. अरे तो गेला कारण तो दाखवायलाच उशिरा आला, तुकडा काढल्याने नाही! प्रत्यक्षात बधिर करायचं इंजेक्शन, मसुराच्या डाळीएवढा तुकडा, एक टाका, संध्याकाळी दाजी गार खिचडी खात मॅच बघत होते.

रिपोर्ट यायला आठवडा लागला, तो आठवडा लिहीत नाही. कॅन्सर नव्हता. पेशी बदलायला सुरुवात झालेली, डिस्प्लेजिया. डाग काढून टाकला, सुपारी बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. कडक झालेला गाल पूर्ण पहिल्यासारखा होत नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे, आणि टपरीवर पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, जोडीने मिळते, तो विषय सोडा. आर. आर. आबा 2015 मधे तोंडाच्या कॅन्सरने गेले तेव्हा आमच्या डिपार्टमेंटमधे चार दिवस पुड्या बंद होत्या. चारच दिवस. तंबाखू सोडायची असेल तर 1800-11-2356 हा सरकारी नंबर फुकट आहे. आणि तिशीच्या पुढच्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तेव्हा "काही व्यसन नाही" असं ठोकून देऊ नका. केरळात तर साध्या ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेवकांनी घरोघरी तोंडं तपासली आणि तंबाखू-दारूवाल्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले.

आमची आई मशेरी लावते. ती व्यसनात धरतच नाही, "दात घासते मी." परवा कवळी काढायला लावून मोबाईलच्या टॉर्चने तोंड बघितलं, तर म्हणे, "लहानपणी मी तुझं बघायचे, माती खाल्लीस का म्हणून."

दाजींना तोंडाचा व्यायाम दिलाय, आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. चौदावरून सुरुवात होती. काल ताईचा मेसेज आला, सतरा.