घाटात जाम होणारी प्रिया

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा पिस्टन चालत्या गाडीत जाम झाला की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. ब्रेकला पाय लावलेला नसतो, तरी चाक घासत जातं आणि गाडी आडवी व्हायला बघते. क्लच दाबला तर चाक सुटतं, पण त्यासाठी हाताशी फार थोडा वेळ असतो. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात नानांनी तो वेळेत दाबला, म्हणून ते आणि मागं बसलेल्या काकू खरचटण्यावर निभावल्या.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून त्यांनी ती प्रिया स्कूटर माझ्या गॅरेजात आणली. "मिस्त्री, परत बोअर करा. या वेळी जरा सैल ठेवा."

साताऱ्यात प्रियाचं नाव काढलं की जुन्या माणसांच्या चेहऱ्यावर वेगळाच भाव येतो, कारण ही गाडी इथलीच. १९७५ मध्ये राज्य सरकारचं महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्याच्या कारखान्यात प्रिया तयार होऊ लागली. दीडशे सीसीचं इंजिन, तीन गिअर, पत्र्याची एकसंध बॉडी. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे ते दिवस होते. नाना त्याच कारखान्यात इंजिन जोडणीला होते. त्यामुळं त्यांच्यासमोर इंजिन उघडताना माझा हात जरा जपूनच चालत होता.

बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठं करून त्यात मोठ्या मापाचा पिस्टन घालायला, मी नाही म्हणालो. आधी दोन वेगळ्या गॅरेजांत मिळून दोनदा बोअर झालं होतं आणि आता शेवटचंच ओव्हरसाइज माप उरलं होतं. पिस्टन का धरतोय, म्हणजे जाम का होतोय, हे कळल्याशिवाय बोअर करणं मला पटत नाही. अशानं किती चांगली सिलिंडर भंगारात जाताना मी पाहिली आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं. जुन्या गाडीचं सिलिंडर हे काही दुकानात टांगलेलं नसतं.

हेड काढलं, सिलिंडर उतरवलं. पिस्टनच्या एका अंगाला अॅल्युमिनियम ओरबाडून भिंतीला चिकटलं होतं, पण ओतीव लोखंड खाली शाबूत होतं. प्लग पांढराफटक. म्हणजे इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात होती. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी याचा अर्थ ऑइलही कमी, कारण ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. सपाटीवर एकटा माणूस असेल तर इंजिन हे कसंबसं सोसतं. चढाला डबल सीट, मूठ पूर्ण पिळलेली, गाडीचा वेग कमी, अशा वेळी ते तापतं आणि पिस्टन फुगून धरतो.

एकेक शक्यता बाजूला काढली. कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट मापाचा होता आणि साफ होता. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप बरोबर, ठिणगीचं टायमिंग पुढं सरकलेलं नव्हतं. मॅग्नेटच्या पंख्याची हवा सिलिंडरवर नेणारं पत्र्याचं कव्हर जागेवर होतं. पुष्कळ गाड्यांचं ते कुणीतरी काढून फेकलेलं असतं. सिलिंडर थंड ठेवणाऱ्या फिनांत थोडी माती होती, पण एवढ्यानं पिस्टन धरत नाही. मग मी नानांना विचारलं, मूठ सोडल्यावर रेस लगेच खाली येते का? ते म्हणाले, "नाही, रेंगाळती. जरा येळानं खाली येती."

तिथं मला खात्री पटली की हवा कुठून तरी चोरून आत जातेय.

सिलिंडर नव्या गॅस्केटवर परत बसवून सायलेन्सरचं तोंड रबर आणि पट्टीनं बंद केलं, कार्बोरेटरच्या जागीही पट्टी आवळली. पिस्टन खाली आणला आणि प्लगच्या भोकातून रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा जोडला. त्याचा मीटर या कामाला फार उपयोगी पडतो. काटा २०० च्या जरा पुढं नेला आणि सोडला, तर तो आमच्या डोळ्यांदेखत खाली येऊ लागला. गिअरबॉक्सच्या ब्रीदरवर, म्हणजे हवा सोडायच्या भोकावर, साबणाचं पाणी लावलं, काही नाही. म्हणजे क्रँकच्या शाफ्टभोवती हवा रोखणारं क्लचकडचं सील ठीक. दोन्ही केसिंगांच्या जोडावर लावलं, तिथंही काही नाही. मॅग्नेट आणि कॉइल प्लेट काढून त्या बाजूच्या सीलवर लावलं, आणि शाफ्टच्या कडेनं बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली.

पण सील तर नवीन होतं! ओठ मऊ होता, कुठं कापलेला नव्हता. मागच्या दोन्ही वेळी ते बदललेलं होतं आणि बिलावर तसं लिहिलेलंही होतं. मी ते उपसून उजेडात फिरवून बघत होतो तेवढ्यात नानांनी न विचारता क्रँकच्या शाफ्टवर अंगठ्याचं नख आडवं फिरवलं, थांबले आणि पुन्हा फिरवलं.

"हितं बघा. नखाला लागतंय."

डोळ्यांना नुसती चकचकीत पट्टी दिसत होती. इतकी वर्षं सीलचा ओठ एकाच जागी फिरून पोलादात घळ पडली होती. नवं सील बसवलं की त्याचा ओठ नेमका त्याच घळीत यायचा आणि पकड घ्यायचा नाही. सील कितीही वेळा बदललं असतं तरी गाडी घाटात जामच झाली असती. माझी नळ्या-मीटरची सगळी मांडामांड मला सीलपर्यंत घेऊन आली होती; तिथून पुढचं त्या माणसाच्या नखानं सांगितलं. कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना कैक वर्षं झाली, पण हाताची नजर तशीच आहे. असं शिकायला मिळालं की तो दिवस मला सणासारखा वाटतो.

क्रँक बदलायची गरज पडली नाही. नवं सील तळापर्यंत न ठोकता जरा अलीकडं, सरळ दाबून बसवलं, म्हणजे ओठ कोऱ्या पोलादावर आला. ऑइलची वाट झाकली जात नाही ना, हे आधी पाहून घेतलं. पुन्हा फुगा जोडला. या वेळी काटा हलला नाही.

सिलिंडरच्या भिंतीवरचं अॅल्युमिनियम बारीक कागदानं सोडवलं, हलकं होनिंग करून भिंत सारखी केली. पिस्टन माप घेऊन साफ केला आणि रिंगा नव्या टाकल्या. शेवटचं माप तसंच शिल्लक राहिलं.

गाडी उघडलीच आहे तर चकाचक रंग मारून घ्या, असं गॅरेजमध्ये येणारे जाणारे सांगत होते. कुणी विंटेज नंबरचंही सुचवलं. २०२१ च्या केंद्राच्या नियमानं त्याला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, आणि तो नंबर घेतला की ती रोजच्या वापराला चालत नाही. नानांना तर तिच्यावरून मंडईत जायचं होतं. रंगाला मीही नको म्हटलं. मूळ रंग अजून धरून होता. तो खरवडला की परत येत नाही.

काही दिवस लिंबखिंडीपर्यंत सपाटीवर, निम्म्या मुठीवर गाडी फिरवली. मग एका सकाळी मी आणि नाना डबल सीट यवतेश्वरला निघालो. समर्थ मंदिर मागं पडलं, चढ लागला, दुसरा गिअर टाकला. माझी दोन बोटं सारखी क्लचवर होती. ज्या वळणावर ते पडले होते तिथं मागून त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. इंजिनाचा आवाज बदलला नाही. वर पोचल्यावर मूठ सोडली तर रेस लगेच खाली आली. प्लग काढून पाहिला, तपकिरी होता. नानांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ फुंकर मारत उभे राहिले.

उतरताना गाडी त्यांच्याकडं दिली. उतारावर मूठ बंद ठेवून नुसतं घरंगळत आलं की इंजिनाला पेट्रोल नाही आणि ऑइलही नाही, म्हणून अधूनमधून मूठ जरा पिळायची, हे मी सांगणार होतो. ते आधीपासूनच तसं करत होते.

खाली आल्यावर मी म्हटलं, आता काकूंना घेऊन कासला जाऊन या, पण फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळा, फार गर्दी असते.

"आधी रिंगा नीट बसू द्यात," ते म्हणाले. "मग जाऊ. ती तर त्या दिवसापासून विचारतीय, गाडी कधी येणार म्हणून."