परक्याचा कोड आणि न दिलेली फ्लॉपी

विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम सर्व्हरवर आपोआप चालवून तपासण्याची व्यवस्था मी उभी केली, तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅमला एक कंटेनर, म्हणजे इतरांपासून वेगळा ठेवणारा कप्पा, दिला की काम भागले, असे मला वाटत होते. एका संध्याकाळी कोणाच्या तरी गृहपाठात फोर्कची, म्हणजे नवी प्रोसेस तयार करणारी, ओळ चुकून लूपमध्ये गेली, प्रोसेसमागून प्रोसेस तयार होत राहिल्या आणि बाकी सगळ्यांची तपासणी अडकून पडली. प्रोसेसच्या संख्येवर मर्यादा घालून तो प्रश्न सुटला, पण कंटेनर कितीही असले तरी त्यांच्याखालचा लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, एकच असतो, ही गोष्ट मात्र मनातून जाईना. २०१६ साली उघडकीस आलेल्या ‘डर्टी काऊ’ या कर्नलमधल्या एकाच दोषामुळे साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाचे, अधिकार मिळवता येत होते.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, पाहुण्या कोडला स्वतःचा कर्नल मिळतो आणि सीमा प्रोसेसर राखतो. तेवढ्याने निर्धास्त होता येत नाही, कारण २०१५ साली क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सापडलेला ‘व्हेनम’ हा दोष फ्लॉपी कंट्रोलरच्या नकलेत होता. म्हणजे जी फ्लॉपी कोणी वापरत नव्हते, तिच्याच वाटेने मशीनबाहेर पडता येत होते.

अ‍ॅमेझॉनने २०१८ साली खुले केलेले, रस्ट भाषेतले, छोटी व्हर्च्युअल मशीन चालवणारे फायरक्रॅकर मला पटले ते याच कारणाने. केव्हीएमवर (लिनक्स कर्नलमधल्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीवर) चालणाऱ्या त्याच्या मायक्रोव्हीएमला, म्हणजे छोट्या व्हर्च्युअल मशीनला, नेटवर्क, डिस्क, व्हीसॉक (यजमानाशी थेट बोलण्याची वाट), सीरियल कन्सोल (मजकूर छापण्याची वाट) अशी मोजकीच उपकरणे मिळतात. कीबोर्ड कंट्रोलर आहे, तोही मशीन बंद करण्यापुरता. शिवाय ‘जेलर’ हा सोबतचा प्रोग्रॅम खुद्द फायरक्रॅकरलाच क्रूट, सीग्रुप आणि नेमस्पेस या लिनक्सच्या बंदिस्त करणाऱ्या सोयींच्या कुंपणात बसवतो, आणि सेककॉम्प या लिनक्सच्या गाळणीमुळे त्याला ठरावीक सिस्टीम कॉलच (कर्नलकडे करायच्या मागण्या) करता येतात.

आता माझ्याकडे प्रत्येक गृहपाठाला नवे मायक्रोव्हीएम मिळते: मूळ डिस्क फक्त वाचण्यापुरती, विद्यार्थ्याचा कोड दुसऱ्या छोट्या डिस्कवर, आणि नेटवर्क कार्ड दिलेलेच नाही. सीरियल कन्सोल मी बंद ठेवतो, कारण त्यावर अखंड छापत राहणारा प्रोग्रॅम यजमान सर्व्हरची डिस्क भरून टाकू शकतो; उत्तर व्हीसॉकवरून येते आणि तेही ठरावीक आकारापर्यंतच स्वीकारले जाते.

वेळ वाचवण्यासाठी चालू मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जतन केलेली प्रत, घेऊन त्यातून अनेक मशीन उठवता येतात. मात्र त्या सगळ्यांची सुरुवात मेमरीच्या एकाच प्रतीतून होत असल्याने, काळजी न घेतल्यास दोन मशीन सारखेच ‘यादृच्छिक’ आकडे काढू शकतात. छोट्या कर्नलसह फायरक्रॅकर १२५ मिलिसेकंदांच्या आत इनिटपर्यंत, म्हणजे मशीनमधल्या पहिल्या प्रोग्रॅमपर्यंत, पोहोचते आणि एका छोट्या मशीनमागे त्याचा स्वतःचा मेमरीचा खर्च ५ एमआयबीपेक्षा (साधारण ५ एमबी) कमी असतो. म्हणून मी स्नॅपशॉटच्या वाटेला न जाता दर वेळी मशीन नव्यानेच सुरू करतो.