तुंगनाथला परत गेले, एका मूठभर पक्ष्यासाठी

पहिल्यांदा उत्तराखंडात तुंगनाथच्या देवळाला गेले होते तेव्हा हा पक्षी माझ्या बुटांपासून चार हातांवर टुणटुण फिरत होता आणि मी चिमणीच असेल म्हणून समोरच्या चौखंबा शिखराचे फोटो काढत बसले. घरी येऊन फोटो बघताना एका कोपऱ्यात तो दिसला, पक्षी बघणाऱ्या एका मित्राला पाठवला तर त्याचा लगेच फोन, अगं हा अल्पाइन ॲक्सेंटर आहे, एवढा जवळ होता आणि तू नीट बघितला पण नाहीस? ते मनाला इतकं लागलं की मे महिन्याच्या सुरुवातीला परत गेले, खास याच्यासाठी. दादाला म्हणलं चल, तो म्हणाला मोनाल, तो हिमालयातला रंगीबेरंगी पक्षी, दिसणार असेल तर येतो.

पायथ्याच्या चोपता गावापासून वर साडेतीन-चार किलोमीटरची दगडी वाट आहे. खालच्या अंगाला बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, लालभडक फुललेला, वर जाल तसा तो बुटका होत जातो आणि फुलं फिकट गुलाबी-जांभळट होतात, मग झाडंच संपतात आणि गवताळ उतार सुरू होतो, तिथले लोक त्याला बुग्याल म्हणतात. मोनाल वाटेतच दिसला, दादा खूश. हा सगळा भाग केदारनाथ अभयारण्यात येतो, १९७२ पासून राखीव आहे, आणि पक्षी माणसाला इथे फारसे बुजत नाहीत असं मला तरी वाटलं.

देऊळ साधारण ३६८० मीटरवर. दर्शन घेतलं आणि देवळाच्या वरच्या चंद्रशिला शिखराच्या वाटेला लागलो, तिथे सावलीच्या बाजूला बर्फाचे पट्टे अजून होते. सोबत जवळच्या गावातला एक मुलगा होता, त्याने एका दगडांच्या राशीपाशी थांबवलं आणि हळूच म्हणाला, दीदी, यहीं बैठ जाओ, हिलना मत. बसलो. आधी एक पिका आला, बिनशेपटीचा, गोल कानांचा, उंदरासारखा दिसतो पण नात्याने सशाचा, तोंडात गवत धरून कपारीत पळाला. मग बराच वेळ काहीच नाही, नुसता वारा आणि थंडीने सुन्न झालेली बोटं.

आणि मग बर्फाच्या कडेला काहीतरी करडं हललं. दगडाच्याच रंगाचा, त्यामुळे हलेपर्यंत कळतच नाही. चिमणीपेक्षा थोराड, डोकं आणि छाती राखाडी, चोचीच्या बुडाशी पिवळा ठिपका, गळ्यावर पांढऱ्यात काळी बारीक टिकली-टिकली जशी कुणी ब्रशने शिंपडलीये, आणि कुशीला गडद तांबूस रेघा. लांबून बघितलं तर मातकट, दुर्बिणीतून बघितलं तर मी श्वास घ्यायची विसरले. तो उडत नव्हता, चालत होता, दोन-चार पावलं, एक उडी, परत पावलं, आणि बर्फावरून काहीतरी टिपत होता. वाऱ्याने खालून उडून आलेले किडे बर्फावर पडतात आणि गारठून जागच्या जागी बसतात, त्यांच्यासाठी हा बर्फाच्या कडेकडेने फिरतो. हिवाळ्यात किडे नसतात तेव्हा बियांवर भागवतो, आणि त्या दळायला पोटात बारीक खडेही लागतात, ते पण गिळतो.

हा पक्षी स्पेनपासून आल्प्स, कॉकेशस, हिमालय करत थेट जपानपर्यंत आहे, पण सगळीकडे उंच डोंगर आणि खडकच. जपानीत त्याला इवाहिबारी म्हणतात, म्हणजे खडकावरचा चंडोल, मला हे नाव फार आवडलं. १७६९ साली स्कोपोलीने त्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा साळुंकीच्या कुळात टाकला होता, आता ॲक्सेंटरांचं स्वतःचं वेगळं कुळ आहे. ॲक्सेंटर म्हणजे लॅटिनमध्ये दुसऱ्याच्या साथीने गाणारा.

तेवढ्यात तो एका दगडावर चढला आणि गायला लागला, किलबिल नाही, घुंगुर ओघळल्यासारखं खालीवर होणारं काहीतरी. आमचा तो मुलगा म्हणाला, नर होगा, गा रहा है ना. मी म्हणलं, भुला (तिकडे धाकट्या भावाला म्हणतात), इसमें मादा भी गाती है. त्याला पटेना, मग मी त्याला जे वाचून आले होते ते सगळं सांगितलं, की केंब्रिजच्या निक डेव्हिस आणि त्यांच्या सोबत्यांनी पिरेनीज पर्वतात या पक्ष्यांचा अभ्यास केला, तिथे काही नर आणि काही माद्या मिळून एकाच उतारावर राहतात, जोडी-बिडी नाहीच, आणि माद्या गातात त्या नराला बोलवायला. एका मादीचा अनेक नरांशी संबंध येतो, आणि ज्याचा जास्त आला तो तिच्या पिल्लांना भरवायला जास्त येतो, म्हणजे तिने जितके नर जोडले तितके घास पिल्लांच्या चोचीत जास्त. एवढ्या उंचीवर उन्हाळा किती थोडे दिवस टिकतो ते बघितलं की मला तिचं ते गाणं पोटापाण्याचं वाटायला लागलं. तो मुलगा ऐकत होता, मग म्हणाला, तो फिर ये कौन है?

सांगता येईना. नर-मादी दिसायला सारखेच. आम्ही तिघं वाट बघत बसलो की दुसरा कुणी येतो का. दादा, जो मोनालसाठी आला होता, त्याने माझ्या हातातून दुर्बीण घेतली ती परत दिलीच नाही.

साडेअकराच्या सुमारास खालून ढग चढले आणि दहा फुटांवरचं दिसेना. गाणं थांबलं. मग कुठूनतरी उजवीकडून, त्याच चालीतलं पण दुसऱ्या गळ्यातून, परत सुरू झालं. आम्ही जागचे हललो नाही.