तीन माणसांची रेघ

चर्चागटांचा नकाशा करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा त्यात मला निव्वळ मजा दिसली होती. प्रत्येक गट म्हणजे एक गाव. दोन गटांत बोलणारी सामाईक माणसं जितकी जास्त, तितकी ती गावं जवळ. नुसती सामाईक माणसं मोजली तर मोठे गट सगळ्यांनाच खेचतात आणि मधोमध ढीग होतो. म्हणून त्या संख्येला दोन्ही गटांतल्या एकूण माणसांनी (सामाईक माणसं एकदाच मोजून) भागायचं. हा जॅकार्ड निर्देशांक; तो जितका मोठा, तितकी दोन गावांमधली रेघ जाड. मग गावांची मांडणी करणारं फोर्सॲटलास२ चालवायचं: गावं एकमेकांना ढकलतात, रेघा त्यांना स्प्रिंगसारख्या ओढून धरतात, पडद्यावर बराच वेळ मोहोळ घोंगावतं आणि हळूहळू बेटं दिसू लागतात. बेटांना रंग २००८ सालच्या लूव्हँ पद्धतीने; आपसात घट्ट जोडलेली गावं ती एका बेटात धरते. (या नकाशात उत्तर-दक्षिणेला काही अर्थ नसतो, हे समजावणं मी केव्हाच सोडलंय.) ढीग सुटला, याचा मला अभिमानच होता.

नकाशा खुला केला त्याच दुपारी एका ॲडमिनबाईंचा निरोप आला. त्यांचा गट दारू सोडू पाहणाऱ्यांचा, टोपणनावांनी बोलणारा. "आमच्या गावातून बुद्धिबळाच्या एका छोट्या गटाकडे जाड रेघ जाते. ती काढा. तिथे लोक खऱ्या नावांनी बोलतात."

नकाशात एकाही व्यक्तीचं नाव नाही, असं ठोकळेबाज उत्तर मी लिहूनही टाकलं. पाठवण्याआधी सहज आकडे उघडले. त्यांच्याकडे ९ जण, बुद्धिबळाकडे ८, सामाईक ३. एकूण माणसं १४, निर्देशांक ०.२१. उलट ४०-४० हजारांच्या दोन दांडग्या गटांत ४,००० जण सामाईक, तरी निर्देशांक जेमतेम ०.०५. ज्या भागाकाराने ढीग सोडवला, त्यानेच तीन माणसांची रेघ चार हजारांच्या रेघेपेक्षा चौपट जाड केली होती. आठ जणांच्या गटात ते तिघे कोण, हे हुडकायला कितीसा वेळ लागणार?

उत्तर पुसलं. नकाशा बंद केला.

तेवढी एक रेघ पुसून टाकू, असं सहकाऱ्याचं म्हणणं. पण गावांच्या जागा त्या रेघेनेच ठरवल्या होत्या. रेघ पुसली तरी दोन्ही गावं शेजारीशेजारीच दिसणार, आणि नकाशा बघणारा शेजारावरूनच तर्क करतो. तेव्हा चाळणी मांडणीच्या आधी हवी. दहापेक्षा कमी माणसं सामाईक असतील तर रेघ धरायचीच नाही, आणि व्यसन, आजारपण अशा विषयांचे गट ॲडमिननी होकार दिला तरच घ्यायचे, असं ठरवून सगळी मांडणी पहिल्यापासून केली.

नवा नकाशा बेचव झाला, खोटं कशाला बोलू? अनपेक्षित शेजार बहुतेक बारक्या रेघांतूनच जुळलेले होते. उरली ती कुणालाही आधीच माहीत असलेली बेटं.

रात्री बाईंना दुवा पाठवला. बऱ्याच वेळाने त्यांचा प्रश्न आला, "खूप शोधलं. आम्ही कुठे आहोत?"

"कुठेच नाही," मी लिहिलं.

"बरं झालं."