बंधाऱ्याखालचं पाणी

४.८ मिली! आकडा बघून मीच चक्रावले.

जुलै महिना, देवगड तालुक्यातला एक व्हाळ, आणि जीपच्या मागच्या फळीवर उभं केलेलं ब्युरेट, म्हणजे तोटी असलेली मापाची नळी. काम तसं साधं. १०० मिली पाण्यात ०.०२ नॉर्मल तीव्रतेचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड थेंबथेंब सोडायचं आणि ब्रोमोक्रेसॉल ग्रीनचा निळा रंग पिवळ्याकडे कधी झुकतो ते बघायचं. पाणी जेवढं अ‍ॅसिड पचवेल, तेवढी त्याची सोसायची ताकद, म्हणजेच अल्कलिनिटी.

४.८ मिली म्हणजे लिटरला ४८ मिलिग्रॅम अल्कलिनिटी. सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरून, धावत आलेल्या पावसाळी पाण्यात? जांभ्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पावसानं कधीच धुऊन नेलेलं. उरलंय लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅसिड मारायला त्याच्याकडे आहे काय? फ्लास्क घासला, पुन्हा केलं. ४.७.

खोळ पांघरलेले एक आजोबा मघापासून बघत होते.

"पाणी खयसून घेतलंस गो बाय?"

मी बोट दाखवलं.

"थयसून नको. बंधारो मे म्हयन्यात बांधलो. चुनो अजून सुटता."

ताजं सिमेंट! त्यातला चुनाच माझं अ‍ॅसिड मारत होता. नमुना बंधाऱ्याच्या, साकवाच्या वरच्या अंगाला घ्यायचा, हे मी पोरांना दरवर्षी शिकवते. खालची वाट निसरडी नव्हती, एवढंच माझं कारण.

आजोबांच्या मागून वर चढले. तिथलं पाणी ०.७ मिलीतच पिवळं पडलं. जेमतेम चौदा-पंधरा थेंब.

परतताना ते चढणीच्या माशांबद्दल बोलत होते. मिरगाचा पहिला लोंढा आला की मासे अंडी घालायला वर चढतात. आमच्या फायलीतले जुने आकडे फेब्रुवारीतले. तेव्हाचं पाणी खडकात मुरून झिरपत आलेलं, म्हणून दमदार. मासे येतात ते मात्र पाणी सगळ्यात दुबळं असताना. त्यात पीएच पाचाच्या खाली गेला, तर जांभ्यातलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून कल्ल्यांवर बसतं. नॉर्वेत ट्राउट माशासाठी पाण्याच्या या ताकदीची किमान मर्यादा लिटरला २० मायक्रोइक्विव्हॅलंट (तिचंच दुसरं एकक) धरतात. माझ्या ०.७ मिलीचे त्याच मापात होतात १४०. पण ट्राउटचं माप आमच्या व्हाळातल्या माशांना लावायचं, हे मला तरी पटत नाही.

वहीतल्या पहिल्या दोन आकड्यांवर काट मारून लिहिलं: 'बंधाऱ्याखाली, बाद.'

"मिरगात ये," आजोबा म्हणाले, "मासे दाखयतंय."