रिबिल्ट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवल्यावर ऑइलची तक्रार

रिबिल्ट केलेला (उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवलेला) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवल्यावर गाडी ड्राइव्हमध्ये उशिरा ओढू लागली किंवा खालून लाल ऑइल टपकू लागले, की बहुतेक जण तो गिअरबॉक्सच खराब निघाला असे धरून चालतात. मला ही घाई वाटते. तो पुन्हा खाली उतरवणे अतिशय कष्टाचे काम असते, आणि दोष पुष्कळदा ऑइलच्या पातळीत किंवा त्याच्या वाटेत असतो.

मी इथे अमेरिकेत जी जुनी शेवरले पिकअप वापरतो, तिच्यात ४एल६०-ई हा गिअरबॉक्स आहे. नुसता पॅन (तळाचे ऑइलचे ताट) काढून ऑइल बदलले तर त्याला पाचेक लिटर पुरते. पण टॉर्क कन्व्हर्टरसह (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) पूर्ण कोरडा असेल, तर १० ते ११ लिटर लागते. म्हणून आधी चार-पाच लिटर ओतून इंजिन सुरू करावे. पंप कन्व्हर्टर भरू लागला की डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी झपाट्याने उतरते, तेव्हा लगेच आणखी ओतत राहावे. अखेरची पातळी सपाट जागी, ऑइल गरम असताना, सगळे गिअर एकदा फिरवून, पार्कमध्ये आणि इंजिन चालू ठेवूनच पाहावी, कारण इंजिन बंद असताना कन्व्हर्टरमधले ऑइल पॅनमध्ये उतरते आणि पातळी फसवी, चढी दिसते. ही पद्धत सगळ्या गाड्यांना लागू नाही: होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद करून, तर क्रायस्लरच्या अनेक गाड्यांत न्यूट्रलमध्ये पातळी पाहतात.

सर्वांत चकवणारे लक्षण म्हणजे फेस. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरणारे भाग ते घुसळतात आणि फेसाळलेले ऑइल व्हेंटमधून (हवा जाण्याच्या भोकातून) बाहेर येते, जे सील फुटल्यासारखे दिसते. दोन्ही वेळा डिपस्टिकवर बुडबुडेच. माझ्या गाडीत पातळी अचूक असूनही फेस येत होता आणि पंपाचा घुं-घुं आवाज थांबत नव्हता. पॅन उतरवल्यावर फिल्टरची नळी तिच्या सीलमध्ये पुरती बसलेली नसल्याचे आढळले. त्या फटीतून ऑइलबरोबर हवाही आत जात होती. नवे सील नीट ठोकून बसवल्यावर आवाज आणि फेस दोन्ही गेले.

गिअरबॉक्स आणि इंजिन जिथे जुळतात तिथून टपकत असेल, तर आधी रंग पाहावा. लाल असेल तर गिअरबॉक्सचे, तपकिरी किंवा काळे असेल तर बहुधा इंजिनच्या मागच्या सीलचे. लाल असले तरी गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलला दोष देण्याआधी डिपस्टिकच्या नळीची ओ-रिंग (रबरी कडे) तपासावी, कारण तिथले ऑइल ओघळत खाली येऊन त्याच जागी थेंब धरते. सगळे पुसून कोरडे करावे, टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी थोडी चालवून ओघळ कुठून सुरू होतो ते पाहावे.

गिअरबॉक्सचे ऑइल थंड करणारा कूलर मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. जुन्या गिअरबॉक्सच्या क्लचचा चुरा त्याच्यात आणि नळ्यांत साचलेला असतो. तो धुऊन काढला नाही तर नव्या गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतो. कूलरकडून गिअरबॉक्सकडे येणारी परतीची नळी डब्यात सोडून प्रवाह जोरकस आणि अखंड येतो का हे पाहावे. ऑइल गुलाबी आणि दुधाळ दिसले, तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून पाणी मिसळले आहे असे समजून इंजिन ताबडतोब बंद करावे, कारण पाण्याने क्लचच्या प्लेटवरचे अस्तर सुटते आणि मग गिअरबॉक्स खरोखरच उतरवावा लागतो.